थ्लहून देणार

नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं. त्यानंतर सहाच दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ला फुकट सुरक्षा अपडेट देणं थांबवलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही. पण पनवेलात दुय्यम निबंधक कार्यालयाच्या आसपास बसून लोकांचे दस्त टाइप करून देणाऱ्या मंडळींच्या टेबलावर दोन्ही एकदमच येऊन आदळल्या. एकीकडे जमिनीच्या बोलण्यांना ऊत, दुसरीकडे स्क्रीनच्या कोपऱ्यात रोज उगवणारी सूचना: आता नवं मशीन घ्या.

त्या मंडळींपैकी एका बाईंची ही हकिगत. आजूबाजूची सगळी पोरं त्यांना काकू म्हणतात, इथेही तेच राहू दे. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, मृत्युपत्र, भाडेकरार, त्यांच्या हाताखालून गेला नाही असा दस्त नाही. टायपिंग त्या मराठी टाइपरायटरवर शिकल्या. मिनिटाला तीस शब्दांच्या परीक्षेचं सर्टिफिकेट अजून त्यांच्या फाइलीत आहे आणि खरा वेग त्याच्या कितीतरी पुढे गेला आहे. त्यांचा लॅपटॉप २०१६ चा, म्हणजे पनवेलची नगरपालिका जाऊन महानगरपालिका आली त्या वर्षीचा. आत इंटेलचा सहाव्या पिढीचा प्रोसेसर. विंडोज ११ ला तो चालत नाही. त्याला साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते. जुन्यावरच आणखी एक वर्ष, ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सुरक्षा अपडेट घेत राहायची सोय होती. पण बिजागरी तुटलेली, स्क्रीन मागे वहीचा टेकू देऊन उभी केलेली. काकूंनी मनावर घेतलं आणि नवा घेतला.

जुन्यातलं सगळं नव्यात टाकायला दुरुस्तीच्या दुकानातून एक मुलगा आला. त्याला सगळे इंजिनिअर म्हणतात, आणि तो कुणाला दुरुस्त करत नाही.

‘‘डेटा किती आहे काकू?’’

‘‘मला काय विचारतोस? सगळाच आहे.’’

‘‘दोन तासांत टाकून देतो.’’

त्याचं म्हणणं त्याच्यापुरतं खरंच होतं. त्यानं जुन्या लॅपटॉपची हार्ड डिस्क काढली, केसिंगमध्ये घातली, यूएसबीची वायर नव्या मशीनला जोडली आणि कॉपीला लावली. एखादा मोठा पिक्चर दोन मिनिटांत जातो, पण दस्तांचं तसं नसतं. वर्डच्या पाच-पन्नास केबींच्या हजारो फाइली, प्रत्येकीसाठी डिस्कला वेगळी नोंद करावी लागते, वेगळी जागा शोधावी लागते. फिरत्या तबकडीच्या जुन्या डिस्कचा तिथेच दम निघतो. हिरवी पट्टी कधी सुसाट, कधी ठप्प. संध्याकाळच्या चहापर्यंत पट्टी पूर्ण झाली, इंजिनिअरनं दोन्हीकडच्या फोल्डरांवर राइट क्लिक करून फाइलींचे आकडे जुळवून दाखवले. इथवर काहीच बिघडलं नव्हतं.

ते फोल्डर मात्र बघण्यासारखे होते. काकूंची नावं ठेवायची पद्धत सरळ: वर्ष, गाव, पार्टी. अगदी जुन्या वर्षांत नेरे, आदई, विचुंबे, पळस्पे अशी गावं आणि शेतजमिनीची खरेदीखतं. सर्व्हे नंबर, हिस्सा, चतुःसीमेत कुणाची विहीर तर कुणाचा बांध. त्यांच्या जोडीला साडेबारा टक्के योजनेचे त्रिपक्षीय करारनामे: सिडको, मूळ प्रकल्पग्रस्त आणि भूखंड घेणारा. पुढे जानेवारी २०१३ मध्ये विमानतळाभोवतालच्या ‘नैना’ क्षेत्रासाठी सिडकोला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं, आणि त्यानंतरच्या फोल्डरांत बहिणींची हक्कसोडपत्रं आणि भावांची वाटणीपत्रं एकामागून एक लागलेली दिसतात. गेल्या काही वर्षांत मात्र भाडेकरारच भाडेकरार. गावाचं नाव मागे पडलं आणि सोसायटीचं, विंगचं नाव फाइलीच्या नावात आलं. पनवेलचा अर्वाचीन इतिहास कुणाला लिहायचा असेल तर या फोल्डरांची नुसती यादीसुद्धा बरंच काही सांगेल. अर्थात ती कुणाच्या हाती पडणं बरोबर नाही, हा भाग वेगळा.

गोंधळ सुरू झाला तो दुसऱ्या दिवशी. एका कुटुंबाला जुन्या हक्कसोडपत्राच्या धर्तीवर नवं करून हवं होतं. काकूंनी फाइल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरांचा चिवडा. फाइल तीच, साइज तीच, ओळींची लांबीही तशीच, फक्त वाचता येत नाही.

मराठीत संगणकावर काम करणाऱ्या जुन्या माणसाला यात नवल नाही. ती फाइल कृतिदेवमधली होती. कृतिदेव काय, शिवाजी काय किंवा त्या पिढीतले इतर बहुतेक फॉन्ट काय, त्यांनी संगणकाला मराठी कधी शिकवलीच नाही. संगणक इंग्रजी अक्षरंच साठवत राहिला आणि फॉन्टनं त्या अक्षरांवर मराठी आकारांचे मुखवटे चढवले. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ लिहायचं तर फाइलीत जातं ते ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच. फॉन्ट असेल तर पडद्यावर ‘मराठी’. नसेल तर ई-जे-के-बी-एच. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःची जागा १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, आणि विंडोज २००० पासून ती साध्या मशीनवरही पोचली. पण धंद्यातल्या माणसाचे नमुने, सवयी आणि बोटं काही एका रात्रीत बदलत नाहीत. काकूंचे सगळ्यात कामाचे नमुने कृतिदेवमध्येच राहिले.

इंजिनिअरनं ‘डेटा’ आणला होता. फॉन्ट हा त्याच्या हिशेबी डेटा नव्हता. फॉन्ट विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरात बसतात, आणि विंडोज १० च्या पुढच्या आवृत्त्यांत एकाच वापरकर्त्यापुरते टाकलेले फॉन्ट तर त्या वापरकर्त्याच्या लपवलेल्या फोल्डरात जातात. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डी ड्राइव्ह उचलणाऱ्याला ते दिसतही नाहीत. तो परत आला, केसिंग जोडली, फॉन्ट शोधून नव्यावर टाकले. चिवड्याचं पुन्हा मराठी झालं. सगळे खूश.

मग काकूंनी टाइप करायला घेतलं.

दस्ताची सुरुवात ठरलेली: लिहून घेणार अमुक, लिहून देणार तमुक, कारणे हक्कसोडपत्र लिहून देतो ऐसा जे. त्यांनी नवा परिच्छेद घेतला, बोटं सवयीनं चालली, स्पेसबार दाबला आणि पडद्यावर उमटलं: ‘थ्लहून देणार’. खोडलं, पुन्हा लिहिलं. पुन्हा ‘थ्लहून’. पुढच्या परिच्छेदातल्या ‘कारणे’चा क अर्धाच, त्याला काना लोंबतोय. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं, काकू, मशीन बोबडं बोलतंय.

कारण कळल्यावर हसू येतं. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी उमटते, म्हणून ती आधीच टाइप करायची असते. ‘लिहून’ची पहिली कळ एफ. आता वर्डला वाटतं आपण इंग्रजी लिहितोय. परिच्छेदाचं पहिलं अक्षर लहान लिपीत दिसलं की तो सभ्यपणे ते कॅपिटल करतो. कृतिदेवमध्ये लहान एफ म्हणजे वेलांटी, कॅपिटल एफ म्हणजे अर्धा थ. लहान डी म्हणजे क, कॅपिटल डी म्हणजे अर्धा क. एकटी आय दिसली तर तीही तो मोठी करतो, की पचा अर्धा प झालाच. आणि सरळ अवतरणचिन्हाचं वळणदार चिन्ह करायची त्याची जी हौस आहे, तिच्यापायी ‘श’ मोडतो. कारण श काढायची कळ तीच. जुन्या लॅपटॉपवर या सगळ्या सुधारणा कुणीतरी कधीतरी बंद करून ठेवलेल्या होत्या. कुणी, कधी, हे कुणालाच आठवत नव्हतं, कारण एकदा बंद केल्यावर त्यांची आठवण ठेवायचं कारणच उरलं नव्हतं. नवीन वर्डमध्ये त्या सगळ्या पहिल्यासारख्या चालू.

त्याच खिडकीत दुसरी एक गोष्ट हरवलेली सापडली. काकूंनी वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये स्वतःची लघुरूपं भरलेली होती. दोन-तीन कळा दाबल्या की ‘सदर मिळकतीवर कोणत्याही बँकेचा, पतसंस्थेचा अथवा खाजगी सावकाराचा बोजा नाही’ हे वाक्य आपोआप उमटायचं. त्यांचा वेग तीस शब्दांवरून कुठच्या कुठे गेला तो अशा वाक्यांवर. ती सगळी गायब. इंजिनिअरला या प्रकाराची कल्पना नव्हती; त्यानं प्रामाणिकपणे मोबाइलवर शोधाशोध केली आणि तासाभरात जुन्या डिस्कवरच्या लपवलेल्या फोल्डरातून एसीएल शेपटीची एक इवलीशी फाइल उकरून काढली. नाव एमएसओ १०३३. हा १०३३ म्हणजे अमेरिकन इंग्रजीचा क्रमांक. पनवेलच्या दस्तांमधली बोजाविरहित मराठी अमेरिकन इंग्रजीच्या नावावर जमा होती! ती फाइल जागेवर ठेवली, सोबत नॉर्मल डॉटएम ही वर्डची मूळ नमुना-फाइलही आणली, आणि बोटांना हवं ते मिळालं. हजारो फाइलींच्या त्या ढिगाऱ्यात काकूंच्या रोजच्या कमाईला सगळ्यात जास्त उपयोगी ही काही केबींची फाइल होती, आणि ती कॉपी करायच्या यादीत नव्हती.

मधल्या काळातल्या काही फाइली मात्र हटून बसल्या. त्या दुसऱ्याच एका सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या होत्या. त्याच्यासोबत डाँगल यायचं, म्हणजे यूएसबीला लावायचं छोटंसं कुलूप. ते लावलेलं नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नाही. एकेकाळी अशी कुलपं प्रिंटरच्या रुंद पोर्टला लागायची, त्या मानानं हे नव्या जमान्यातलं. पण कुलपालाही ड्रायव्हर लागतो, तो बऱ्याच वर्षांपूर्वी लिहिलेला, आणि विंडोज ११ तो आत घ्यायला तयार नाही. नव्या मशीनवर मेमरी इंटिग्रिटी नावाचा पहारा सहसा चालूच असतो. संशयास्पद किंवा जुनाट ड्रायव्हर तो दारातच अडवतो.

‘‘ते बंद करून टाकू, चालेल,’’ इंजिनिअर म्हणाला.

‘‘अरे, सेफ्टी नाही म्हणून जुना सोडला ना? मग नव्याची सेफ्टी काढून काय करू?’’

या युक्तिवादाला उत्तर नव्हतं. असा पहारा उठवून ‘चालतंय ना’ म्हणणारी दुकानं कमी नाहीत, पण जिथे लोकांचे आधार, पॅन आणि बँकेचे तपशील रोज टाइप होतात तिथे काकूंचंच बरोबर होतं. शेवटी डिस्क परत जुन्या लॅपटॉपमध्ये बसवली, वहीचा टेकू दिला आणि त्या सॉफ्टवेअरमधल्या फाइली तिथूनच पीडीएफ करून घेतल्या. पीडीएफ दिसायला झकास. पण त्यात आडनाव शोधायला गेलं तर सापडत नाही, कारण चेहरा मराठी आणि आतलं रक्त तेच इंग्रजी. वाचण्यापुरती सोय झाली, दुरुस्त करण्यापुरती नाही.

रोजच्या नमुन्यांसाठी एवढ्यानं भागणार नव्हतं. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर दस्ताची माहिती आधी भरावी लागते, तिथे कृतिदेवमधला मजकूर चिकटवला तर परत तोच चिवडा. म्हणजे नमुने युनिकोडमध्ये आणणं आज ना उद्या भागच. रूपांतर करून देणारी पानं इंटरनेटवर पुष्कळ आहेत. मजकूर टाका, बटण दाबा. पण दस्तातला मजकूर कुणाच्या तरी अनोळखी सर्व्हरवर चिकटवायचा म्हणजे पार्टीचं नाव, वय, पत्ता, आधार क्रमांक, सगळंच देऊन टाकायचं. इंजिनिअरनं यावर चांगली तोड काढली. अशी पानं बहुधा ब्राउझरमध्येच चालणारी असतात; एक पान सेव्ह करून घेतलं आणि वायफाय बंद करून ते चालतं का ते बघितलं. चाललं. त्याला चहाबरोबर वडापावही मिळाला.

रूपांतर मात्र डोळे झाकून घेण्यासारखं नसतं. वेलांटी आधीची नंतर न्यावी लागते, रफार नंतरचा आधी आणावा लागतो, आणि जोडाक्षरात दोन्ही एकत्र आली की पान अडखळतं. ‘र्‍या’ तर हमखास घसरतो. या चुका निदान डोळ्याला दिसतात, ‘मिळकतीच्या दर्शनी’तला रफार भलत्याच अक्षरावर बसला की वाचणारा थांबतो. खरी भीती आकड्यांच्या आसपासच्या खुणांची. कृतिदेवमध्ये तिरकी रेघ काढायला ‘ॲट’ची कळ लागते, टिंबासाठी आडव्या रेघेची, आणि आडव्या रेघेसाठी ‘अँड’च्या खुणेची. मजकुराचं रूपांतर झालं आणि आकड्यांच्या तुकड्याचं राहून गेलं, तर सर्व्हे नंबर ४५/२ च्या मधे ‘ॲट’ उभा राहतो. तो विचित्र दिसतो म्हणून सापडतो तरी. पण क्षेत्राच्या आकड्यातल्या टिंबाची आडवी रेघ झाली, तर ती कुणालाच खटकत नाही. हेक्टर, आर लिहायच्या दोन्ही रीती कागदोपत्री चालत आल्या आहेत. म्हणून काकूंनी नियम केला: नमुन्यात आकडा ठेवायचाच नाही. रूपांतर फक्त कोऱ्या नमुन्यांचं. सर्व्हे नंबर, क्षेत्र, मोबदला, चतुःसीमा या जागा रिकाम्या, आणि त्या दरवेळी समोरच्या सातबाऱ्यावरून हातानं भरायच्या. जुने, पार्टीला देऊन झालेले दस्त आहेत तसे राहतील, फॉन्टसकट.

युनिकोडमध्ये आल्यावर सगळं मिटलं असंही नाही. काकूंच्या काही अलीकडच्या फाइली मंगल फॉन्टमध्ये होत्या. पूर्वी मंगल विंडोजबरोबरच यायचा. आता तो देवनागरीच्या जादा फॉन्टांच्या गठ्ठ्यात गेला आहे, वेगळा मागवून घ्यावा लागतो. तो नसला तर वर्ड मुकाट्यानं दुसरा फॉन्ट घालतो, ओळी हलतात, शेवटच्या सह्या पुढच्या पानावर सरकतात. दस्ताला हे चालत नाही. दस्त हाताळणी शुल्क पानामागे लागतं. चलन भरून झाल्यावर पान वाढलं की पुन्हा धावपळ, आणि पार्टीचा चेहरा बघण्यासारखा. मंगल परत आणला. त्यातला ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचा आहे ही काकूंची जुनी तक्रार तशीच राहिली.

राहता राहिली बोटं. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड बसलेलाच असतो, हा आराखडा १९८६ पासूनचा. २०१९ पासून उच्चारानुसार टाइप करायचा फोनेटिकही आहे. काकूंची बोटं ज्यावर घडली तो टाइपरायटरचा रेमिंग्टन तिथे नाही. त्यांनी आपल्या मुलाच्या आग्रहानं आठवडाभर इनस्क्रिप्ट करून पाहिलं. वेलांटी व्यंजनानंतर दाबायची हे डोक्याला पटतं, बोटांना पटत नाही. शेवटी इंजिनिअरनं रेमिंग्टनच्या कळांवर युनिकोड लिहू देणारं एक साधन आपल्या पेन ड्राइव्हवर जपून ठेवलेलं काढलं. अशी जुनी सेटअप जपून ठेवणारा माणूस या धंद्यात सोन्याच्या मोलाचा. गुगलचं विंडोजवर टाकायचं मराठी टायपिंगचं साधनसुद्धा गुगलनं मागेच काढून घेतलं.

याच महिन्यांत इंजिनिअरनं पनवेल-नवीन पनवेलात अशी बरीच मशीनं बदलून दिली आणि प्रत्येकाचं अडायचं ठिकाण निराळं. कर सल्लागाराकडे टॅली: डेटा फोल्डर उचलला की हिशेब आले, पण जुन्या मशीनवरून लायसन्स ‘सरेंडर’ केल्याशिवाय नव्यावर ते चालू करायचं नाही हे डिस्क फॉरमॅट मारायच्या आधी आठवलं तर बरं. डिजिटल सहीचं मात्र कौतुक. सही टोकनमध्येच राहते, ड्रायव्हर टाकला की झालं. खारघरच्या सोसायट्यांत लॅपटॉप घेऊन हिंडणाऱ्या भाडेकराराच्या एजंटाला अंगठ्याचं मशीन नव्या पोर्टवर ओळखून घ्यायला लागलं, तोवर घरमालक सोफ्यावर बसून.

नवा लॅपटॉप चालू करताना विंडोजनं ईमेल मागितला, तेव्हा इंजिनिअरनं सवयीनं दुकानाचा टाकला. काकूंनी तिथेच हात धरला. बरंच केलं. नवीन मशीनची डिस्क बहुधा आपोआप कुलूपबंद होते आणि तिची सुटकेची किल्ली त्या ईमेलच्या खात्यात जाते. उद्या मदरबोर्ड बदलला, मशीननं अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागितली आणि ती दुकानाच्या खात्यात असली, तर काकूंचे दस्त कुणाचे? खातं काकूंच्या नावानं उघडलं, किल्लीचं प्रिंट काढलं आणि ते घरच्या कपाटात गेलं.

जुना लॅपटॉप एक्स्चेंजमध्ये द्यायचा ठरला. दुकानदार म्हणाला, सगळं डिलीट मारून देतो, काळजी करू नका. डिलीट मारलेली फाइल पुसली जात नाही, तिच्या जागेवर फक्त ‘रिकामी’ अशी पाटी लागते, हे एव्हाना काकूंना चांगलं कळलं होतं. त्यांनी इंजिनिअरला डिस्क काढून घ्यायला लावली. डिस्क नसलेल्या लॅपटॉपचे दुकानदारानं पैसे कमी केले. काकूंनी थोडी घासाघीस केली, मग म्हणाल्या, राहू दे, त्यात अर्ध्या पनवेलचे आधार कार्ड आहेत, आणि डिस्क पर्समध्ये टाकून त्या साडेअकराच्या पार्टीकडे निघून गेल्या.